छोट्या गाडीचें ओझें



माझी बहीण सायखेड्यास दिलेली आहे. नाशिकच्या खालच्या अंगास, गोदावरीच्या कांठीं, निफाड तालुक्यांतलें हें गांव. पूल ओलांडला कीं पलीकडे चांदोरी. गेल्या हिंवाळ्यांत एके रात्रीं बहिणीचा फोन आला. "बापलेकांचें तीन दिवस बोलणें नाहीं. दादा, तूं एकदां येऊन जा." भांडणाचें कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "ती खेळण्याची मोटार." मी पदार्थविज्ञान शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मनुष्य; घरगुती तंट्यांत माझा उपयोग थोडा. पण ह्या तंट्याच्या मुळाशीं वजन आणि घर्षण हे दोन विषय आहेत असें दुसऱ्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें, आणि मी चार दिवस तेथें राहिलों. त्या चार दिवसांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ती खेळण्याची मोटार म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. खऱ्या शर्यतीच्या मोटारीच्या एक दशांश मापाची ही गाडी; लांबी जेमतेम हातभर, वजन सुमारें दीड किलो. आंत लिथियमची बॅटरी, विजेची एक मोटर आणि बिनतारी संदेश घेणारी काड्यापेटीएवढी एक डबी. चालविणारा बाजूस उभा राहून हातांतल्या यंत्रानें तिला वळवितो व पळवितो. वेग मात्र खेळण्याचा नव्हे. चांगली गाडी ताशीं पन्नास किलोमीटरांहून अधिक धांवते. बिनतारी लहरींनीं दुरून वाहन हांकण्याची कल्पना जुनीच आहे. निकोला टेस्ला ह्यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें हौदांतली नाव अशी फिरवून दाखविली होती, आणि पाहणाऱ्यांस ती जादू वाटली होती. छोट्या मोटारींना ही विद्या १९६६ च्या सुमारास इटलींत लाभली. पुढें १९७६ सालीं जपानच्या तामिया कंपनीनें पोर्शे ९३४ ची प्रतिकृति विकावयास काढली आणि मग हा छंद घरोघर पसरला. मातीच्या मार्गावरील एक दशांश मापाच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्यें कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें झाली. आपल्याकडे हा खेळ मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांतून वाढला आहे. माझा भाचा अशाच एका महाविद्यालयांत शिकतो.

आतां भांडणाकडे वळूं. महाविद्यालयाच्या बंदिस्त क्रीडागृहांत जाजम अंथरून केलेल्या मार्गावर त्याची गाडी उत्तम पळत असे. पुढील रविवारीं सायखेड्यास नदीकांठच्या मोकळ्या जागेंत गांवच्या व नाशिकच्या मुलांनीं शर्यत ठरविली होती. स्वतःच्या गांवीं आपण हरावें हें कोणास रुचेल? पण सरावाच्या पहिल्याच दिवशीं गाडी जागची हालेना. चाकें गरगर फिरत, मागें धुळीचा लोट उठे, आणि गाडी तिरकी होऊन थांबे. भाच्यानें निदान केलें कीं मोटर कमजोर आहे, नवी पाहिजे, किंमत नऊ हजार रुपये. त्या हंगामांत कांद्यानें मेहुण्यांचे हात पोळले होते. ते म्हणाले, "नऊ हजारांत शेताला काय काय येतें तें तुला ठाऊक आहे काय?" मुलगा म्हणाला, "मग गाडीच विकून टाकतों." येथें संभाषण संपलें.

मीं गाडी पाहिली आणि मला प्रथम हसूं आलें. मोटर कमजोर असती तर चाकें फिरलींच नसतीं. जागच्या जागीं गरगर फिरणारें चाक हें मोटरीच्या अशक्तपणाचें लक्षण नव्हे, तर जमिनीनें चाकाला न धरल्याचें आहे. नऊ हजारांची नवी मोटर आणली असती तर धुळीचा लोट मात्र अधिक उंच उठला असता.

ह्या जमिनीविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत. २०१६ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०१९ च्या ऑगस्टांत गोदावरीचा पूर ह्या गांवांत शिरला होता. पूर ओसरल्यावर नदी मागें जो गाळ ठेवून जाते तो पिठासारखा बारीक असतो. त्याखालची काळी माती पाण्यानें फुगते, आणि वाळली म्हणजे आकसून दगडासारखी घट्ट होते. म्हणजे हिंवाळ्यांत दुपारीं ह्या जागेचें स्वरूप असें कीं खालीं फरशी आणि वर रांगोळी. अशा भुईवर चाक रांगोळीवरच फिरतें. फरशीला तें पोंचत नाहीं. पोंचावयाचें तर त्यावर भार हवा.

ही गोष्ट माझ्या आधीं घरांतल्या आबांनीं ओळखली होती. पण त्यांना कोणी विचारलें नव्हतें. आबा म्हणजे बहिणीचे सासरे. तरुणपणीं ते शर्यतींत बैलगाडी हांकीत. त्या शर्यती २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें त्यांविषयींचा महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. आबांचा काळ त्या सर्वांच्या कितीतरी पूर्वींचा. ओट्यावरून ते म्हणाले, "अरं, ही धुरंला जड हाय. मागल्या चाकांवर वझंच न्हाई तिच्या."

शहरांत वाढलेल्या श्रोत्यांकरितां ह्या वाक्याचा उलगडा करतों. बैलगाडीला चाकें दोन. पोतीं कण्याच्या मागें अधिक भरलीं तर गाडी मागें कलते, जूं वर उचलतें आणि बैलांच्या गळ्यांना फास बसतो. ह्याला गाडी उलाळ झाली असें म्हणतात. पोतीं पुढें अधिक भरलीं तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. ती गाडी धुरेला जड. शहाणा गाडीवान पोत्यांची संख्या कमी करीत नाहीं. तो एक पोतें हातभर मागें सारतो, आणि जूं उचलून पाहतो. ओझें तेंच, जागा बदलली कीं बैलांचें सुख-दुःख बदलतें.

छोट्या गाडीला मात्र बैल नाहींत. मागचीं दोन चाकें ओढतात आणि पुढचीं दोन वळवितात. म्हणून तिच्यांत बैलाची मान दोन ठिकाणीं आहे असें समजा. मागच्या चाकांवर भार नसेल तर ती पळत नाहीं, पुढच्यांवर नसेल तर वळत नाहीं.

आम्हीं स्वयंपाकघरांतला वजनाचा कांटा मागून घेतला. पुढचीं चाकें कांट्यावर आणि मागचीं तेवढ्याच उंचीच्या पाटावर, आणि मग उलट. पुढें ६०० ग्रॅम, मागें ९४० ग्रॅम, एकूण १५४०. पुढच्या-मागच्या आंसांतलें अंतर २८ सेंटीमीटर. मोटर मागच्या आंसाच्या पुढें, म्हणजे जवळजवळ पोटांत बसविलेली होती. पूर्वीं ह्या जातीच्या बहुतेक गाड्यांत ती आंसाच्या मागें, शेपटाकडे असे, कारण बहुतेक मार्ग भुसभुशीत मातीचे असत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चिकणमातीचे ठोकून केलेले व जाजमाचे मार्ग वाढले, आणि मोटर आंसाच्या पुढें सरकली.

असें कां झालें? नभोवाणीवर फळा नसतो, म्हणून आंकडे थोडेच देतों. ज्यांस हौस असेल त्यांनीं पेन्सिल घ्यावी. गाडी झटक्यानें पुढें निघाली म्हणजे तिचा भार कांहींसा मागें झुकतो. हें आपण बसमध्यें उभे असतांना रोज अनुभवतों. किती झुकतो? गाडीचें वजन घ्यावें, तिचा वेग ज्या त्वरेनें वाढतो तिचें गुरुत्वाच्या त्वरेशीं असलेलें प्रमाण घ्यावें, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची घ्यावी. तिहींचा गुणाकार करून आंसांमधील अंतरानें भागावें. आमच्या गाडीचा गुरुत्वमध्य सुमारें ४ सेंटीमीटर उंच धरला. जाजमावर चाकें घट्ट धरतात, तेथें हें प्रमाण नऊ दशांशापर्यंत जातें असें धरा. भार झुकतो सुमारें २०० ग्रॅम. म्हणजे मागच्या ९४० चे ११४० होतात. धुळींत मात्र प्रमाण चार दशांशच. झुकतात ८८ ग्रॅम. जाजमावर भार मागें नेण्याचें काम जमीनच करते. तेथें तो आधींपासून मागें ठेवण्याचें कारण नाहीं. धुळींत जमीन हें काम करीत नाहीं, तें आपणांस हातानें करून ठेवावें लागतें. सांवकार ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी देतो, तसा हा व्यवहार आहे.

शिवाय माझ्या भाच्यानें एक पराक्रम करून ठेवला होता. गाडी हलकी तितकी चांगली, ह्या समजुतीनें त्यानें पोलादी स्क्रू काढून महागडे टायटॅनियमचे बसविले होते आणि मागच्या पट्ट्यांना भोकें पाडलीं होतीं. तरुण मुलांना गाडीचें वजन काढण्याचें वेड कां असतें हें मला कळत नाहीं. खऱ्या शर्यतींत वजनाला खालची मर्यादा असते. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या एक दशांश मापाच्या गाडीला ती सुमारें दीड किलोच आहे. पूर्वींच्या निकेलच्या बॅटरींत सहा कोश असत व त्यांचें वजन चारशें ग्रॅमपर्यंत जाई. लिथियमची आंखूड बॅटरी दोनशें ग्रॅमच्या आसपास भरते. तेव्हांपासून वजन घटविण्याचा प्रश्न जाऊन उरलेलें वजन कोठें ठेवावें हा प्रश्न आला, आणि कारखानदार ॲल्युमिनियमच्या तुकड्यांऐवजीं तिप्पट जड असे पितळेचे तुकडे विकूं लागले. पैसे खर्चून हलकें व्हावयाचें आणि पुन्हां पैसे खर्चून जड व्हावयाचें, असा हा बाजार आहे.

पहिला उपाय फुकटचा होता. बॅटरी तिच्या खोबणींत स्पंजाच्या ठोकळ्यांनीं अडकविलेली होती. ठोकळे मागचे पुढें घातले, आणि २१० ग्रॅमची बॅटरी ३ सेंटीमीटर मागें गेली. गणितानें पुढच्या चाकांवरून २२ ग्रॅम मागें जावयास हवे होते. कांट्यानेंहि जवळजवळ तेंच सांगितलें. नदीकांठीं चुन्यानें आंखलेल्या वाटेची एक फेरी आधीं ३१ सेकंदांत होत होती, ती साडेएकोणतीस सेकंदांत होऊं लागली. धाकटी भाची घड्याळ धरून बसली होती. तिनें तीन वेळां मोजून खात्री करून घेतली.

दुसरा उपाय आबांचा. शेजारीं एक मासेमार राहतो. त्याच्याकडून जाळ्याचे शिशाचे मणी आणले आणि ४० ग्रॅम शेपटाला, मागच्या आंसाच्या ३ सेंटीमीटर मागें, बांधले. शिसें विषारी आहे. तें कापडी चिकटपट्टींत गुंडाळावें आणि हात धुतल्याखेरीज जेवावयास बसूं नये, हें ज्या घरांत मुलें असलीं उद्योग करतात तेथल्या आयांनीं लक्षांत ठेवावें. कांट्यानें आतां जें दाखविलें तें पाहून भाचा चकित झाला. घातले ४० ग्रॅम, पण मागच्या चाकांवर वाढले ४४ आणि पुढच्यांवरचे ४ गेले. आबा चकित झाले नाहींत. "उलाळ," ते म्हणाले. कण्याच्या मागें टांगलेलें ओझें पुढचें टोंक उचलतेंच.

गाडी सरळ वाटेवर बाणासारखी सुटली. वळणावर मात्र तिनें दोन खोड्या काढल्या. वेग देत वळावें तर पुढचीं चाकें वळूनहि गाडी सरळच जाई. वेग सोडून वळावें तर शेपूट बाहेर झोकांडी खाई, आणि एकदां खाल्ली कीं आवरेना. एक फेरी २९ सेकंदांत, तर दुसरी ३५ सेकंदांत. शर्यत पांच मिनिटांची. तींत एका उत्तम फेरीला किंमत नाहीं. येथें आबांची बैलगाडी संपली. बैलगाडीला बैल वळवितात आणि ती सावकाश वळते. तिच्या शेपटाला झोक घेण्यास वेळच मिळत नाहीं. छोटी गाडी मात्र अर्ध्या सेकंदांत काटकोनांत वळते, आणि मध्यापासून दूर बांधलेलें वजन गोफणींतल्या दगडासारखें वागतें.

रात्रीं जेवणानंतर मीं हिशेब केला. गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या आंसाच्या सुमारें १० सेंटीमीटर पुढें होता. शिसें त्याच्यापासून १३ सेंटीमीटरांवर. तेंच शिसें आंसाच्या २ सेंटीमीटर पुढें, पोटाजवळ आणलें तर अंतर ८ सेंटीमीटर. वळतांना होणारा विरोध अंतराच्या वर्गाप्रमाणें वाढतो. तेराचा वर्ग १६९, आठाचा ६४. म्हणजे त्या शिशाचा हट्ट अडीच पटींहून अधिक कमी होणार. आणि चाकांवरचा भार? मागें ४४ च्या जागीं ३७, पुढें चार कमी होण्याऐवजीं तीन अधिक. कांट्यावर फरक सात ग्रॅमांचा. गाडीच्या स्वभावांत फरक मात्र केवढा तरी. कांटा ओझें किती तें सांगतो, तें शेपटाला टांगलें आहे कीं पोटाशीं धरलें आहे हें सांगत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं भाची शाळेंत गेली. घड्याळ कोणी धरावें? मेहुणे द्राक्षबागेंतून येतांना नदीकांठीं थांबले होते; बहुधा चार शब्द सुनावण्याकरितां. आबांनीं त्यांच्या हातांत घड्याळ दिलें आणि सांगितलें, "फेरी मोज." वडिलांची आज्ञा; ते मोजूं लागले. सलग दहा फेऱ्या झाल्या. सर्वांत जलद साडेअठ्ठावीस सेकंद, सर्वांत सावकाश तीस. मेहुण्यांनीं आंकडे पोराला न सांगतां मला सांगितले; मीं ते त्याला सांगितले. असा थोडा वेळ माझ्यामार्फत पत्रव्यवहार चालला. सातव्या फेरीस गाडी एका ढेंकळावरून उडाली, तेव्हां मेहुणे एकदम ओरडले, "अरे, आंतून घे, आंतून!" पत्रव्यवहार तेथें संपला.

मला वाटलें, झालें. परंतु जमीन हा मोठा लहरी परीक्षक आहे. शर्यतीच्या दिवशीं सकाळीं आठला आम्ही पोंचलों तो भुई दंवानें ओली. रांगोळी चिकट होऊन फरशीवर बसली होती, आणि चाकें अशीं धरूं लागलीं कीं पहिल्याच वेगाच्या वळणावर गाडी कुशीवर उलटली. पुन्हां उलटली. चाकांनीं सुटावें तेव्हां तीं सुटेनात, म्हणून गाडी स्वतःच्याच जोरानें कलंडत होती. आदल्या दिवसाचें सर्व शहाणपण सकाळच्या चार तासांपुरतें उलटें झालें होतें. आम्हीं मणी सोडले, बॅटरी पुन्हां पुढें सारली, स्प्रिंगांच्या कड्या सैल करून सांगाडा तीन-चार मिलिमीटर खालीं घेतला, म्हणजे गुरुत्वमध्य तेवढा उतरला. गाडी जाजमावरची गाडी झाली आणि उभी राहिली.

साडेअकराच्या सुमारास ऊन तापलें, धूळ मोकळी झाली, आणि मणी परत बांधले. दुपारीं कोणा उत्साही मुलानें धूळ बसावी म्हणून वाटेवर बादलीभर पाणी शिंपडलें. काळ्या मातींत हें करूं नये. आमची गाडी आंत आली तेव्हां चारी चाकांना मिळून १२० ग्रॅम चिखल चिकटला होता. आम्ही दोन दिवस दहा-दहा ग्रॅमांचा हिशेब करीत होतों! त्यांतहि चाकावरचें वजन सर्वांत वाईट, कारण त्याला पुढें न्यावें लागतें आणि फिरवावेंहि लागतें. मेहुण्यांनीं बागेंतला जुना ब्रश आणला व प्रत्येक फेरींनंतर ते स्वतः चाकें खरवडीत बसले.

अकरा गाड्यांत आमची तिसरी आली. पहिल्या आलेल्या मुलाची मोटर आमच्याहून जुनी होती. तो हात चांगला चालवीत होता. नव्या मोटरीची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारचा मासेमार मणी मागावयास आला. त्याला जाळें टाकावयाचें होतें. भाच्यानें चारच मणी ठेवून घेऊं द्या म्हणून विनविलें, पण जाळेंहि तोलावरच बुडतें, आणि त्याला आपला तोल प्रिय होता. त्यानें सारे नेले. तेव्हां मेहुणे माळ्यावर चढले व मोडक्या स्टोव्हची पितळी टांकी घेऊन खालीं आले. मी निघालों त्या वेळीं बापलेक ओट्यावर बसून करवतीनें ती कापीत होते आणि दर तुकडा कांट्यावर घालून पाहत होते. चाळीस ग्रॅमांचे दोन व दहांचा एक असें ठरलें होतें. बहिणीला संध्याकाळीं बर्फीकरितां साखर तोलावयाची होती. तो कांटा तिला अद्याप परत मिळालेला नाहीं असें तिनें परवां कळविलें आहे.